ज्याचा त्याचा अग्रलेख

धरणाच्या भिंतीला तडे गेले आहेत, पायथ्याची वस्ती तातडीने हलवावी, असा अग्रलेख संपादक मृणालिनी दाबके यांनी स्वतः लिहिला होता. सकाळी त्या वस्तीतल्या माहेरी पोचल्या, तेव्हा वडील मोबाइलच्या पडद्यावर तोच अग्रलेख वाचत निवांत चहा पीत होते.

"छान लिहिलंस. भिंत भक्कम आहे, अफवांवर जाऊ नका."

मृणालिनींनी मोबाइल हातात घेतला. मजकुराखाली त्यांचेच नाव होते. वर्गणीदार टिकावेत म्हणून प्रत्येक वाचकाला रुचेल अशी भूमिका यंत्राने अग्रलेख बदलून मांडावी, या योजनेला गेल्या वर्षी त्यांनीच संमती दिली होती.

"अण्णा, हे मी लिहिलेलं नाही. भिंत फुटेल. चला माझ्याबरोबर."

"तू लहानपणापासून घाबरट," अण्णा हसले. "पेपरात मात्र विचार करून लिहितेस. मी तेच मानणार. हवं तर शेजारी विचार, सगळ्यांनी वाचलंय."

मृणालिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. वस्तीतल्या एकाही घरासमोर सामान बाहेर काढलेले नव्हते. पलीकडच्या ओट्यावरून एका गृहस्थांनी त्यांना ओळखून कृतज्ञतेने हात जोडले.