पिराच्या झाडाची चिंधी

अजलूनच्या राखीव जंगलात पायवाटेच्या वळणावर पिराचा जुना ओक आहे. त्याला नवसाच्या चिंध्या बांधायला सक्त मनाई, तरी दर शुक्रवारी फांदीला एक चिंधी लोंबायचीच. रखवालदार मुफ्लेह ती न बघताच ओढून काढायचा आणि जाळून टाकायचा. चार वर्षं त्याला संशय एकीचाच होता, झातरचा सुगंधी रानपाला खुडायला येणाऱ्या म्हाताऱ्या उम्म गाझीचा.

आज ताजी चिंधी मुठीत धरूनच त्याने तिला वाटेत गाठलं.

"कबूल कर खाला, तूच बांधतेस ना?"

"मुडद्या, घरात पाळणा हलावा म्हणून बांधतात तिथे! मला सात पोरं, आता आणखी कशाला मागू? आधी ते कापड तरी बघ कुणाचंय!"

 

मुफ्लेहने मूठ उघडली. आत त्याच्याच बायकोच्या लग्नातल्या ओढणीचा काठ होता.