मंजुषाबाईंचा सत्कार

पडद्यावर अनुयाचा फोटो झळकला तेव्हा मंजुषाबाईंच्या खांद्यावर शाल पडत होती.

फोटोखाली वय, गोत्र, पगार, 'घटस्फोटित', खातीपुऱ्यातल्या घराचा पत्ता आणि मोबाइल नंबर. सगळं कसं ठसठशीत. त्याखाली हिरव्या अक्षरांत: एका स्थळाशी जुळणी ब्याण्णव टक्के.

मराठी मंडळाचे सचिव गोपीनाथराव माइकवरून मोठ्या कौतुकाने सांगत होते. मंडळाकडची सगळ्या घरांची माहिती आपण लग्न जुळवणाऱ्या एका नव्या अ‍ॅपला दिली, तीही फुकट, समाजकार्य म्हणून. आता स्थळं शोधायचं काम एआयच करणार. आणि उद्घाटनाला पाहुण्या कोण, तर एआयमधली नीतिमत्ता वीस वर्षं विद्यापीठात शिकवणाऱ्या, माहितीच्या धोरणासाठी सरकारी समितीवर बसलेल्या आपल्याच डॉ. मंजुषाताई! आता काय म्हणावं या माणसाला?

अनुया तिसऱ्या रांगेत बसली होती. मंजुषाबाईंची एकुलती एक लेक. आईचा सत्कार म्हणून आली, नाहीतर हल्ली ती कुठे जातच नसे. सोडलेल्या नवऱ्याने पुन्हा गाठू नये म्हणून तिने घर बदललं होतं, नंबर बदलला होता. तो नंबर आता अख्ख्या सभागृहासमोर होता. मागे कुणीतरी मोबाइल उंच धरून पडद्याचा फोटोसुद्धा काढला.

मंजुषाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला नारळ त्यांनी टेबलावर आदळला आणि आधी ते बंद करा म्हणाल्या.

गोपीनाथराव गोंधळले. "अहो ताई, मतलब, आपल्याच लोकांत आहे ना? बाहेर कुठे दिलंय?"

बाहेर कुठे दिलंय! बाईंनी त्यांच्या हातातला माइक काढूनच घेतला. ज्याची माहिती त्याला विचारल्याशिवाय ती हलवायची नाही, एवढी साधी गोष्ट शिकलेल्या माणसांना कळू नये? दिल्लीपासून कुठकुठल्या परिषदांत त्या हेच सांगत आल्या होत्या आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. इथे माणसं नुसती बघत बसली. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, स्थळच तर आलंय, त्यात एवढं काय चिडायचं? ते नेमकं बाईंच्या कानावर गेलं.

"एवढं काय? सांगते, एवढं काय ते."

आणि त्यांनी सांगितलं. जावई दारू पिऊन काय काय करायचा ते. लेकीला अनवाणी घराबाहेर काढलं होतं ते. पोलिसांनी तक्रार घ्यायला कशी टाळाटाळ केली ते. आणि अजूनही झोपेच्या गोळ्या घेतल्याशिवाय पोरीच्या डोळ्याला डोळा लागत नाही तेही. सांगताना त्या कुठेच थांबल्या नाहीत. तुमच्या त्या अ‍ॅपमुळे तो माणूस उद्या तिच्या दारात उभा राहिला तर जबाबदार कोण, असं त्यांनी गोपीनाथरावांना तोंडावर विचारलं.

पडदा काळा झाला. गोपीनाथरावांनी हात जोडून माफी मागितली, अ‍ॅपवरची सगळी माहिती आजच काढून टाकायचं कबूल केलं. पुढच्या रांगेतल्या त्याच बाईने पदराने डोळे टिपले. मग टाळ्या सुरू झाल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवता एकेक मान तिसऱ्या रांगेकडे वळली.

मंजुषाबाई व्यासपीठावरून खाली उतरल्या. लेकीच्या शेजारी बसून त्यांनी तिचा हात धरला. "काढायला लावलं बघ."

अनुयाने हात हळूच सोडवून घेतला.

"त्यांनी फोटो लावला होता, आई," ती म्हणाली. "गोळ्यांचं तू सांगितलंस."