कोपरापर्यंत

नवजात कक्षातल्या तिसऱ्या बाळालाही ताप चढला, तेव्हा बिडवे सिस्टरनी सफाईवाल्या इंदूमावशींना सगळ्यांदेखत झापलं. “हात कोपरापर्यंत धुवायचे, किती वेळा सांगायचं? तुमच्यामुळे जीव जाईल एखाद्या लेकराचा!” मावशी पुन्हा हात धुवायला गेल्या.

चार दिवसांनी सगळ्यांच्या हातांच्या तपासणीचे रिपोर्ट आले. मावशींचे हात स्वच्छ होते. बाळांच्या रक्तातले जंतू सापडले ते सिस्टरच्या पोवळ्याच्या अंगठीखाली. बोटात काही घालायचं नाही, ही पाटी त्यांनीच दारावर लावली होती. पण ज्योतिषाने सांगितलेली अंगठी काढली तर घरावर काही संकट येईल, या धास्तीने सात वर्षं ती ग्लोव्हच्या आत दडवली होती.

बेसिनपाशी उभ्या राहून त्या अंगठी ओढत होत्या. बोट सुजलं, अंगठी हलेना. आरशात बघायचंही धाडस होत नव्हतं.

शेजारून एक हात आला आणि नळ सुरू झाला. “ओढू नका सिस्टर, लागेल,” मावशी म्हणाल्या. त्यांनी बोटावर साबण चोळला, अंगठी अलगद काढली. हात मात्र सोडला नाही. तो कोपरापर्यंत धुऊन दिला.