नीलच्या वेण्या

बॅनरवर हर्षित कुठेच नव्हता.

वर एकवीरा आई. तिच्या खाली भलामोठा नील, खांद्यावरून पुढे घेतलेल्या दोन वेण्या, डोळ्यांवर बाबांचा गॉगल. ‘चि. नील याच्या जावळाच्या कार्यक्रमाला कार्ला येथे सहकुटुंब यावे.’ त्याखाली गोल गोल चौकटींत काका, कुंडलिकमामा, मंडळाची पोरं. शेजारच्या शालूकाकीचा विकीसुद्धा होता.

“बाबा, मी कुठंय?”

जगनने बॅनरची गुंडाळी करत बायकोकडे पाहिलं. दर्शना सुकट निवडत होती.

“मीच नको सांगितलं,” ती मान वर न करता म्हणाली. “हर्षितचा फोटो नाक्यावर लावायचा नाही.”

“आणि नीलचा?”

“त्याचं वेगळं आहे.”

त्याचं सगळंच वेगळं होतं. सुट्टी लागल्यापासून हर्षित ते बघत होता. बाबा नीलला नदीवर न्यायचे. हर्षितने पाण्यात पाय घातला तरी आईची हाक यायची. नील काला खट्टा गोळा खाऊन जांभळी जीभ दाखवत फिरायचा. हर्षितला पाणीसुद्धा उकळून गार केलेलं. मोहने गावातली सगळी पोरं दुपारभर मैदानात असायची, त्यात चार वर्षांनी लहान असलेला नीलही असायचा, आणि हर्षित पंख्याखाली बसून गेल्या वर्षीचं विज्ञानाचं पुस्तक वाचायचा.

“आई, दोघांची शरीरं सारखीच असतात ना? मग त्याला गोळा चालतो, मला का नाय?”

“नाही म्हटलं ना.”

आईचं उत्तर नेहमी इथेच संपायचं.

सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळची. आई पायरीवर बसायची आणि नील तिच्या पुढ्यात. तेल कोमट करून ती त्याच्या केसांना लावायची, बोटांनीच गुंता सोडवायची, एकही केस ओढला जाऊ नये म्हणून श्वास धरल्यासारखी. नील जन्मल्यापासून त्या केसांना कात्री लागलेली नव्हती. बोटांत आलेले केससुद्धा ती एका डबीत ठेवायची.

“काय रं नवसाच्या राजा,” शालूकाकी कुंपणापलीकडून ओरडायची, “येत्या रविवारी टकलू होणार तू!”

“होऊ दे. मामा मला सायकल देणारे.”

“काकी, मी नवसाचा नाय?” हर्षितने एकदा विचारलं होतं.

काकी हसायची थांबली. तिने दर्शनाकडे पाहिलं. “तू होय? तू आपला मोठा हायेस,” ती म्हणाली आणि वाळत घातलेले कपडे काढायला लागली.

“आई, माझे पण विंचर ना.”

“तुझे केवढेसे आहेत रे. जा, सावलीत बस.”

बॅनर आला त्याच दुपारी आई पुढच्या आळीत आमंत्रणं करायला गेली. बाबा मामाबरोबर रविवारच्या गाड्या ठरवायला गेले होते. दोघं भाऊ लादीवर चटई टाकून पडले.

“दादा, बॅनरवर विकी आहे,” नील म्हणाला.

“माहितीये.”

“तू नायस.”

“झोप गप.”

“आईला तू नाय आवडत. मीच आवडतो. म्हणून मी मोठ्ठा.” असं म्हणून तो कुशीवर वळला आणि लगेच झोपलाही. त्याची एक वेणी हर्षितच्या उशीवर येऊन पडली. तिला तेलाचा वास होता, आईच्या हातांना यायचा तसाच.

शिलाई मशीनच्या खणात कात्री होती.

हर्षितला वाटलं होतं, एका फटक्यात काम होईल. पण वेणी चिवट निघाली. कात्रीच्या पात्यांतून ती सटकायची, थोडी थोडी कुरतडत कापावी लागली. नील जागा झाला नाही. दुसरी वेणी सोपी गेली. नीलच्या मानेवर घामोळं उठलेलं होतं, ते आता उघडं पडलं. तो कुठल्याही पोरासारखा दिसत होता. हर्षितसारखाच.

फाटक वाजलं. पळावं असं हर्षितला वाटलं, पण कात्री हातात धरून तो तिथेच राहिला.

दर्शना दारात थांबली. चटईवर दोन वेण्या पडल्या होत्या, लाल रिबिनींसकट. हातातल्या पत्रिका खाली पडल्या.

“मीच कापले,” हर्षित म्हणाला. पाठ भिंतीला लागेपर्यंत तो मागे सरकला. “मला मार. मला रागच आलेला.”

आवाजाने नील उठला. त्याने मानेवर हात फिरवला आणि चक्क हसला. “आई, मला गार लागतंय!”

आईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याला ओलांडून ती सरळ हर्षितपाशी आली. हर्षितने डोळे गच्च मिटले.

चपराक बसली नाही. आईचा तळवा त्याच्या कपाळावर टेकला. मग गळ्यावर. मग शर्टाच्या आत, छातीवर.

“डोकं दुखतंय? खरं सांग. उलटीसारखं होतंय?”

“नाय.”

“मान खाली कर बघू. हनुवटी छातीला लाव. दुखली?”

“नाय गं आई. मला काय झालंय?”

तिने एका हाताने त्याचं मनगट धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फोन लावला.

“अहो, आहात तिथून गाडी घेऊन या. आत्ता कार्ल्याला निघायचं. रविवार वगैरे काही नको, आत्ताच... कापले. दोन्ही कापले... हर्षितनेच.” तिने हर्षितचं मनगट आणखी घट्ट धरलं. “नीलचं काय विचारताय? नीलला काय व्हायचंय? नील पोटात असताना डोक्यात ताप गेला तो हर्षितच्या. नवस हर्षितसाठी बोललेलो आपण.”