काटा लाल पट्टीत

पाऊण तास व्हॅनचं इंजिन सुरू होतं आणि तापमानाचा काटा मध्यावरून तसूभरही हलला नव्हता.

"ही तापतच नाही," मेकॅनिक म्हणाला.

"तीस वर्षं तापतेय," धाकटा म्हणाला. "थांबा जरा, आपले रंग दाखवेल."

दाखवले नाहीत. मेकॅनिकने रेडिएटर कालच धुऊन काढला होता. फॅनचा पट्टा बदलला होता, पाण्याचा पंप खोलून बघितला होता. थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्यात टाकला, तर तोही शहाण्या मुलासारखा वेळेवर उघडला. शेवटी तो स्टीअरिंगखाली उताणा झोपला, तारा चाचपू लागला आणि एकदम हसला.

"हे बघा, गंमत आहे."

दारावरच्या बेलला असतं तसं काळं बटण होतं ते. डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला, चालवणाऱ्याच्या गुडघ्याजवळ. मेकॅनिकने ते दाबलं. काटा सरसर वर चढला आणि लाल पट्टीत जाऊन टेकला. बोट काढलं, काटा खाली आला.

"इंजिन ठणठणीत आहे हो. आजारपणाचं सोंग होतं हे. कुणी केलं?"

धाकट्याने वाकून तार बघितली. तारेवर चिकटपट्टी गुंडाळून तिची टोकं कात्रीने सरळ कापायची सवय घरात एकाच माणसाला होती, आणि तो गेल्या वर्षी वारला होता.

धाकटा झाला त्या वर्षी बाबांनी ही जुनी व्हॅन घेतली. आत झोपायला फळ्या ठोकल्या, शेगडी बसवली, भांड्यांना कपाट केलं. तेव्हापासून घरातलं कुणी बसने म्हणून गेलं नाही. आणि कुठे वेळेवरही पोचलं नाही. दर तासाभराने काटा लाल पट्टीत जायचा. बाबा मुकाट्याने गाडी बाजूला घ्यायचे, कधी पेट्रोल पंपावर, कधी झाडी बघून. "निवू द्या तिला," म्हणायचे, बॉनेट उघडायचे आणि सिगरेट पेटवायचे. आई पाय मोकळे करायला म्हणून एक फेरी मारून यायची, आणि आल्यावर त्यांची हजेरी घ्यायची. "असलं खटारं गळ्यात बांधलंय माझ्या!" बाबा हसायचे. मागून येणारे काका-मामा हॉर्न वाजवत, हात हलवत पुढे निघून जायचे. चौदाव्या वर्षी धाकटा पोहण्याच्या निवड चाचणीला पोचला तेव्हा तलावावरची पोरं कपडे बदलून घरी निघाली होती. त्यानंतर तो बापाशी धड बोललाच नाही.

गाडीत सिगरेट ओढायची नाही, हा आईचा नियम होता. म्हणजे हे असं होतं तर! चार झुरक्यांसाठी या माणसाने सगळ्या घराला तीस वर्षं रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं. धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही.

"कापा ती तार," तो म्हणाला.

रविवारी तो आईला घेऊन ताईच्या नव्या घरी निघाला. चार तासांचा रस्ता. बाबा गेल्यापासून आई कुठे गेली नव्हती. बसचं नाव काढलं की तिचे गुडघे दुखायला लागायचे. "आपली गाडी नीट कर, मग येईन," एवढंच म्हणायची. ताईच्या सासरची मंडळी जेवायला थांबणार होती. धाकट्याने फोनवर शब्द दिला होता, ठीक एक वाजता दारात. बापाला जन्मभर जमलं नाही ते तो एका दिवसात करून दाखवणार होता. बटणाचं मात्र तो आईला बोलला नाही. कशाला तिच्या मनात विष कालवा, आपण एकट्याने प्यायलो तेवढं पुरे.

"आई, आता कुठे थांबायला नको," तो म्हणाला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही!"

आई खिडकीबाहेर बघू लागली. सकाळी तिने चहासुद्धा अर्धाच घेतला होता.

दीड तासाने ती मागून म्हणाली, "काटा बघतोयस ना रे?"

"मध्यावर आहे. तू निर्धास्त झोप."

पुढचा पेट्रोल पंप आला आणि गेला. "मला जरा तापल्याचा वास येतोय," आई म्हणाली.

धाकटा मोठ्याने हसला. "तुला सवय झालीय ना त्या वासाची! अगं, इंजिन नवंकोरं चाललंय." आणि त्याने वेग वाढवला. त्यानंतर आई काही बोलली नाही. लागली असेल डोळा, असं त्याला वाटलं. तो शीळ घालत होता.

एक वाजायला दहा मिनिटं असताना गाडी ताईच्या दारात उभी राहिली. ताई, तिचे सासू-सासरे, दीर, सगळे फाटकाशी आले. धाकट्याने घड्याळ दाखवत उडी मारली आणि मागचं दार सरकवलं.

"उतर, आई. बघ, कशी आणली तुला!"

आई उठली नाही. पर्स आणि शाल, दोन्ही तिने मांडीवर घट्ट धरली होती. तिच्याखालची चादर काठापर्यंत ओली झाली होती, आणि फळीवरून एक ओघळ त्याच्या बुटापाशी येऊन थांबला होता.

"त्यांना आत जायला सांग," ती हळूच म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुझ्या बाबांच्या हातात बरोबर वेळेला तापायची रे ही."