बत्तीस तारखेला पाणी बंद

पाणीपुरवठा ऑफिसातल्या नव्या टेस्टरने एंटर दाबलं आणि खोलीतले सगळे फोन एकापाठोपाठ वाजले. टायपिस्टबाईंचा, शिपायाचा, आतल्या केबिनमध्ये साहेबांचा. शेवटी तिचा स्वतःचा. सगळ्यांवर एकच निरोप: बत्तीस तारखेला दिवसभर पाणी बंद.

"हे कोणी पाठवलं?" साहेब दारात आले.

"मी. म्हणजे मी नाही. काकांच्या फाइलने," टेस्टर म्हणाली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पर्लकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. शहराला निरोप पाठवणारी ती फाइल त्यांनी एकहाती पर्ल नावाच्या जुन्या संगणक-भाषेत लिहिली होती, आणि आजवर कोणाला तिच्या वाऱ्यालाही उभं केलं नव्हतं. "केलंस काय तू?"

"नुसती तारीख तपासत होते, काका. महिनाअखेरीला चुकते म्हणून लोकांच्या तक्रारी होत्या. तारीख काढणारं तेवढं एक फंक्शन तपासायला तुमची फाइल माझ्या टेस्टमध्ये बोलावली, तर ती वरपासून खालपर्यंत धावत सुटली."

"धावणारच! शहरातला कुठला भाग ते सांगितलं नाहीस, तिने सगळं शहर धरलं. माझ्या फाइलला अर्धवट कामाची सवय नाही."

"आणि बत्तीस तारीख?" साहेबांनी विचारलं.

"लोकांना कळतं, साहेब," काका म्हणाले. "आज एकतीस, त्यानंतरची."

तेवढ्यात काकांचाच फोन वाजला. काकू होत्या. त्यांचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "अहो, बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकरसुद्धा भरला. सासूबाई आता फुलदाणी रिकामी करतायत."

"अगं, उद्या पाणी आहे."

"मग निरोप कोणाचा?"

"माझाच."

"मग मी काय खरं धरू?"

काकांनी फोन ठेवला. मग शेजारची खुर्ची पायाने पुढे सरकवली. "बस. काय करायचं ते माझ्यासमोर कर."

टेस्टरने मोकळं पसरलेलं सगळं काम 'मेन' नावाच्या एका फंक्शनमध्ये गोळा केलं आणि फाइलच्या तळाशी एक ओळ लिहिली.

"ही काय म्हणते?"

"थेट चालवलं तर कामाला लाग. दुसऱ्या कोणी बोलावलं असेल तर गप्प उभी राहा, विचारतील तेवढंच सांग."

"फाइल तीच? थेट चालणारी स्क्रिप्टही तीच, दुसऱ्याने बोलावलेलं मॉड्यूलही तीच?"

"तीच, काका."

"एवढ्या वर्षांत कोणी बोललं नाही मला."

टायपिस्टबाईंना अचानक खोकला आला.

टेस्टरने पुन्हा एंटर दाबलं. सगळ्यांनी आपापल्या फोनकडे पाहिलं. एकही वाजला नाही. पडद्यावर फक्त एक लाल ओळ उमटली: हवी होती एक, आली बत्तीस. काकांनी ती दोनदा वाचली आणि स्वतःच्या हाताने फंक्शन दुरुस्त केलं. ओळ हिरवी झाली. ते इतके खूश झाले, की त्यांनी शिपायालाही बोलावून ती दाखवली.

"आता आधी खुलासा पाठवा," साहेब म्हणाले. काकांनी मजकूर लिहिला: उद्या पाणी नेहमीप्रमाणे येईल. बोट एंटरवर नेलं.

तोच साहेबांचा फोन खणखणला. पंपावरचा ऑपरेटर होता. साहेबांनी दोन वाक्यं ऐकली आणि झेप घेऊन काकांचं मनगट धरलं.

"सगळ्या शहराने एकदम नळ सोडलेत, साहेब," पलीकडून आवाज येत होता. "टाकीने तळ गाठला. उद्या दिवसभर पाणी बंद ठेवावं लागेल. या खेपेला तरी लोकांना आधी कळवा."

"कळवलंय," साहेब म्हणाले.

"कधी?"

"सकाळीच."



"साहेब," ऑपरेटर म्हणाला, "ऑफिस सुधारलं हो तुमचं."