ड्रमची किल्ली

कारखान्याच्या विषारी पाण्याविरुद्ध आमचा बँड त्याच्याच फाटकासमोर गात होता. पोलीस आले. साहेबांनी माझ्या ड्रमकडे बोट दाखवलं. "हा आवाजच लोकांना चिथावतोय. फाडून टाक." चाकू घेऊन पुढे आला तो शिपाई म्हणजे माझा धाकटा भाऊ. मी ड्रमला कवटाळलं. "आधी माझ्यावर चालव." त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. "साहेब, फाडला तर उद्या फोटो छापून येईल. नुसता आवाज बंद करतो." त्यानं ड्रमला लटकणारी किल्ली काढली. घरी तोच मला कातडं ताणायचे स्क्रू आवळून द्यायचा. आज एकेक सैल करत गेला. साहेबांनी काठी मारून पाहिली. भिजलेल्या गादीवर मारल्यासारखा आवाज आला. "मेला," ते समाधानानं म्हणाले आणि गाडीकडे वळले. भाऊ वाकला. किल्ली माझ्या मुठीत कोंबून पुटपुटला, "ताई, गाडी वळणाआड जाईपर्यंत तरी दम धर."